शुद्ध आली, ताकद आली का?

पोटाचं मोठं ऑपरेशन करायचं तर रुग्णाला नुसती गुंगी देऊन भागत नाही. स्नायू सैल पडावे लागतात, नाहीतर पोट ताठ राहतं आणि सर्जनला आत नीट काम करता येत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ अ‍ॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम यांपैकी एखादं औषध शिरेतून देतात. त्याने श्वासाचे स्नायूही थांबतात, आणि तेवढा वेळ श्वास द्यायचं काम व्हेंटिलेटर करतो. टाके घालून झाले की हा परिणाम उतरवायचा असतो. त्यासाठी जुनं आणि स्वस्त निओस्टिग्मिन वापरावं की नवं आणि महाग सुगामाडेक्स, हा भूलशास्त्रातला मोठा वाद आहे. सुगामाडेक्स जास्त प्रभावी आहे हे मला मान्य आहे. पण रुग्णाची ताकद किती परत आली हे मोजलंच जात नसेल, तर औषध बदलून निम्मंच काम होतं, असं माझं ठाम मत आहे.

मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन पोचवतं. शिथिल करणारं औषध त्याची जागा अडवून बसतं. निओस्टिग्मिन त्या औषधाला हातही लावत नाही. ते अ‍ॅसिटिलकोलीनचं विघटन रोखतं, त्याचा साठा वाढतो आणि जागा हळूहळू मोकळी होते. मात्र हे रसायन साऱ्या शरीरभर वाढतं. हृदयाचे ठोके मंदावतात, लाळ सुटते, म्हणून जोडीला ग्लायकोपायरोलेट किंवा अ‍ॅट्रोपीन द्यावं लागतं. शिवाय एका मर्यादेपुढे डोस वाढवूनही उपयोग होत नाही, त्यामुळे शिथिलता खोल असेल तर निओस्टिग्मिन अपुरं पडतं. ऑर्गेनॉन कंपनीच्या स्कॉटलंडमधल्या प्रयोगशाळेत जन्मलेलं सुगामाडेक्स वेगळ्या तऱ्हेने काम करतं. शर्करेच्या आठ घटकांच्या त्याच्या कड्यात रोक्युरोनियमचा रेणू अडकतो आणि दोन्ही मिळून लघवीवाटे बाहेर पडतात. युरोपने त्याला २००८ मध्ये परवानगी दिली. अमेरिकेने तीव्र अ‍ॅलर्जीच्या शंकेमुळे थांबवून ठेवलं आणि २०१५ च्या डिसेंबरात होकार दिला. ती भीती निराधार नव्हती, अशी प्रतिक्रिया क्वचित का होईना येते.

वेगाबद्दल वाद उरलेला नाही. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार मध्यम शिथिलता उतरायला सुगामाडेक्सने सुमारे २ मिनिटं लागली, निओस्टिग्मिनने सुमारे १३. खोल शिथिलतेत हीच तफावत ३ विरुद्ध ४९ मिनिटांची होती. पण रुग्णाच्या दृष्टीने मिनिटांपेक्षा पुढे न्यूमोनिया होतो का, श्वास अपुरा पडतो का, हे महत्त्वाचं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या १२ रुग्णालयांच्या सुमारे ४५,७०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फुप्फुसांच्या गंभीर तक्रारी निओस्टिग्मिन घेतलेल्यांत ४.८ टक्के आणि सुगामाडेक्स घेतलेल्यांत ३.५ टक्के निघाल्या. उलट त्याच्या आदल्या वर्षी युरोपातल्या २२ हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात औषधाने फरक दिसला नाही, आणि मोजमाप केल्यानेही नाही. माझ्या म्हणण्यावरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. पण त्याच नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा ताकदीच्या मोजमापात ०.९ ऐवजी ०.९५ चा टप्पा ओलांडल्यावर ज्यांची श्वासाची नळी काढली, त्यांना त्रास कमी झालेला आढळला. यंत्र लावलं एवढ्यावर भागत नाही. आकडा कुठवर येऊ देता यावर फायदा ठरतो.

हा आकडा येतो अंगठ्यावरून. मनगटाजवळच्या मज्जातंतूला दोन सेकंदांत विजेचे चार हलके झटके देतात आणि अंगठा चार वेळा आत ओढला जातो. चौथी ओढ पहिलीच्या किमान ९० टक्के, म्हणजे प्रमाण ०.९ हवं. ‘अनुभवी डॉक्टरला नजरेनेच कळतं’ असं म्हणतात, पण हे प्रमाण ०.४ च्या वर गेलं की चारही ओढी डोळ्यांना सारख्याच दिसतात. रुग्ण पाच सेकंद मान उचलून धरतो, तरीही घशाचे स्नायू अजून दुबळे असू शकतात. ‘एकच डोस दिला होता, आपोआप उतरला असेल’ हेही खरं नाही: २००३ च्या एका फ्रेंच अभ्यासात असा एकच डोस मिळालेल्या ५२६ रुग्णांपैकी ४५ टक्के जण रिकव्हरी रूममध्ये ०.९ च्या खाली होते.

आपल्याकडे अ‍ॅट्राक्युरियमचा वापर भरपूर आहे आणि त्याच्यावर सुगामाडेक्स चालतच नाही; ते रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमपुरतंच आहे. मग छोट्या रुग्णालयाने काय करावं? माझ्या मते पैसे आधी मोजणाऱ्या यंत्रावर खर्च करावेत, कारण ते प्रत्येक रुग्णाला उपयोगी पडतं. शिथिलता जवळपास उतरलेली असेल तर निओस्टिग्मिन पुरेसं आहे, हे अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही मान्य करतात. खोल शिथिलतेसाठी मात्र सुगामाडेक्स हाताशी हवंच. तुमचं किंवा घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा नळी काढण्याआधी स्नायूंची ताकद यंत्राने मोजणार का, हे त्यांना जरूर विचारा. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला सुगामाडेक्स दिलं असेल, तर गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. पुढचे ७ दिवस तिने दुसरं साधनही वापरावं.