लिनक्स मिंटवरून आर्चवर जायचंय? मग हे आधी वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. ज्यांचे जुने कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नव्हते, त्यातल्या बऱ्याच जणांनी लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून घेतलं. सगळं मस्त चालू आहे. आणि नेमकं तेव्हाच एखाद्या रात्री व्हिडिओ बघताना काळ्या स्क्रीनवरचा तो निळा आर्चचा लोगो दिसतो आणि डोक्यात किडा शिरतो.

माझ्याही शिरला. राजारामपुरीतल्या आमच्या घरात एकच डेस्कटॉप आहे. त्यावर मी प्रयोग करतो आणि ताई मराठी टायपिंगची कामं घेते. त्यामुळे आजचा लेख नुसता 'आर्च कसं टाकायचं' यावर नाही. आर्च टाकल्यावर कोणती कामं आपल्या गळ्यात पडतात, ते आपण बघणार आहोत.

आर्च म्हणजे नक्की काय?

आर्च लिनक्स २००२ मध्ये जड व्हिनेट या कॅनडाच्या प्रोग्रामरने सुरू केलं. मिंट इन्स्टॉल केलं की डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिस, वायफाय, फॉन्ट असं सगळं तयार मिळतं. आर्चमध्ये सुरुवातीला मिळते एक काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर. बाकीचं काय हवं ते तुम्ही ठरवायचं आणि तुम्हीच टाकायचं. मेसचा डबा बंद करून खोलीवर स्वतः स्वयंपाक सुरू केल्यासारखं आहे हे. मीठसुद्धा आपणच आणायचं.

दुसरा मोठा फरक अपडेटचा. मिंट २२ जुलै २०२४ मध्ये आलं, ते उबंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. मधल्या काळात त्यात मोठे बदल फारसे होत नाहीत. आर्चला असं व्हर्जनच नसतं. नवीन काही आलं की थोड्या तपासणीनंतर ते तुमच्या मशीनवर येतं, रोजच्या रोज. याला रोलिंग रिलीज म्हणतात. ज्यांनी फोनचा बूटलोडर अनलॉक करून लिनेजओएस टाकलंय, त्यांना यातली मजा आणि धाकधूक दोन्ही माहीत असेल.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'आर्च टाकलं की जुना पीसी पळायला लागतो' हे अर्धवट खरं आहे. हलका डेस्कटॉप निवडला तर रॅम कमी लागते, पण तोच हलका डेस्कटॉप मिंटवरही टाकता येतो. क्रोमचे वीस टॅब उघडल्यावर दोन्हीकडे सारखीच रडारड होते. आणि मशीन ३२ बिटचं असेल तर विषयच संपला, आर्चने तो सपोर्ट २०१७ मध्येच बंद केलाय.

पहिली रात्र

आता इन्स्टॉल करणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. २०२१ पासून आर्चच्या पेनड्राइव्हवर 'आर्चइन्स्टॉल' नावाचा मदतनीस मिळतो. प्रश्न विचारतो, आपण उत्तरं द्यायची. तरी मी म्हणेन, पहिल्यांदा आर्चची विकी उघडून हातानेच करा. वेळ जाईल, पण पुढे बिघडेल तेव्हा कुठे हात घालायचा ते कळेल.

मी हातानेच केलं आणि जी चूक जवळपास सगळे करतात ती केली. सगळं टाकलं, रीस्टार्ट केलं आणि इंटरनेटच नाही! नेटवर्कमॅनेजर नावाचं पॅकेज टाकायचं राहिलं होतं. मिंटमध्ये वायफायचं चिन्ह कोपऱ्यात असतंच, त्यामुळे तो एक वेगळा प्रोग्राम आहे हे डोक्यातच येत नाही. अशा वेळी आपला फोन कामाला येतो. पेनड्राइव्हवरून परत बूट करा, फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. पेनड्राइव्हवरचं आर्च ते नेट बहुतेक वेळा आपोआप ओळखतं. मग राहिलेलं पॅकेज टाकायचं आणि त्याची सर्व्हिस चालूही करून ठेवायची. नुसतं टाकून भागत नाही, हे मला तिसऱ्या रीस्टार्टला कळलं.

मराठीचं काय?

सकाळी ताईने तिची फाईल उघडली तर पानभर नुसते चौकोन. "अरे, माझी अक्षरं कुठं गेली?" अक्षरं जागेवरच होती, फॉन्ट नव्हता. आर्चमध्ये देवनागरी फॉन्ट आपणहून येत नाही. 'नोटो फॉन्ट्स' हे पॅकेज टाकलं की चौकोन जातात. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉन्टही चांगले आहेत.

दिसायला लागलं, आता लिहायचं कसं? ताई इनस्क्रिप्टवाली, तिच्यासाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय लेआउट जोडला की झालं. फोनसारखं रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर एफसीआयटीएक्स ५ आणि त्याचं एम१७एन हे जोडपॅकेज टाकावं लागतं. माझा अर्धा रविवार यात गेला. आणि सिस्टीमची भाषा मराठी ठेवायचा मोह होईल, पण माझं मत विचाराल तर सुरुवातीला इंग्रजीच ठेवा. एरर आला की तो मेसेज जसाच्या तसा शोधावा लागतो, आणि उत्तरं बहुतेक इंग्रजी मेसेजवरच सापडतात.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर?

आता मुख्य मुद्दा. जूनमधली गोष्ट. ताईला दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता काम द्यायचं होतं. रात्री ती झोपल्यावर मी अपडेट सुरू केला. आर्चमध्ये सगळी पॅकेजं 'पॅकमन' सांभाळतो. तो एकेक पॅकेज बदलत होता, बाहेर पाऊस धो धो, आणि लाईट गेली. आमच्याकडे यूपीएस नाही.

लाईट आल्यावर मशीन चालू केलं तर कर्नलची फाईल सापडत नाही असा मेसेज. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. जुना निघाला होता आणि नवा नीट बसलाच नव्हता. ताई आवाजाने उठून आली. तिने एकच विचारलं, "फाईल गेली का?"

फाईल गेली नव्हती. हे लक्षात ठेवा, कर्नल बिघडला म्हणून होम फोल्डरमधला डेटा जात नाही. पेनड्राइव्हवरून बूट केलं. आधी ताईची फाईल कॉपी करून तिला फोनवर पाठवली, मग दुरुस्ती. डिस्कचे पार्टिशन माउंट केले, बूटचं वेगळं पार्टिशनसुद्धा. मग 'आर्च-क्रूट' या कमांडने बिघडलेल्या सिस्टीमच्या आत शिरलो. पॅकमनने काम अर्धवट सोडल्यामुळे मागे राहिलेली लॉक फाईल काढली, पूर्ण अपडेट पुन्हा चालवला आणि कर्नल परत टाकला. तास गेला. पहिल्या रात्री सगळं हाताने केलं होतं म्हणून तासात झालं, नाहीतर सकाळी ताईचं काम आणि तिचे पैसे दोन्ही गेले असते.

लॅपटॉपवाल्यांना हा त्रास कमी, बॅटरी हाच त्यांचा यूपीएस. पण लाईट न जाताही आर्च अडवू शकतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रब या बूटलोडरच्या एका अपडेटनंतर आर्च आणि त्यावर आधारलेल्या सिस्टीम वापरणाऱ्या बऱ्याच लोकांची मशीन सुरूच होईनात. जून २०२५ मध्ये लिनक्स-फर्मवेअर या पॅकेजची रचना बदलली, तेव्हा काही जणांना जुनं पॅकेज हाताने काढून नवं टाकावं लागलं. तशी सूचना आर्चच्या मुख्य पानावर आली होती. ज्यांनी ती वाचली त्यांचं काम दोन मिनिटांत झालं.

म्हणून माझी सवय अशी झालीय. अपडेटआधी मुख्य पानावरच्या बातम्या बघायच्या. नेहमीच्या कर्नलसोबत 'लिनक्स-एलटीएस' हा दुसरा कर्नल टाकून ठेवायचा, एक रुसला तर दुसरा असतो. अपडेट पूर्ण सिस्टीमचाच करायचा. पॅकेजची यादी ताजी करून एकच पॅकेज टाकायचं, असं अर्धंमुर्धं आर्चला चालत नाही, जुन्या-नव्याचा मेळ बसत नाही. आणि तो पेनड्राइव्ह कधीच फॉरमॅट करायचा नाही. माझा गाणी भरायला मागून नेणारे मित्र आहेत, त्यांना दुसरा देतो.

एयूआर जपून वापरा

आर्चच्या अधिकृत पॅकेजांखेरीज एयूआर नावाचा भला मोठा साठा आहे, तिथे कोणीही पॅकेज बनवायची कृती टाकू शकतं. म्हणूनच तिथे सगळं मिळतं आणि म्हणूनच धोकाही आहे. जुलै २०२५ मध्ये फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ अशा ब्राउझरच्या नावाने तिथे तीन पॅकेजं आली होती. त्यातून दुसऱ्याच्या मशीनचा ताबा घेणारा प्रोग्राम आत शिरत होता. दोन दिवसांत ती काढून टाकली गेली. अनोळखी ग्रुपवरून आलेली एपीके आपण जशी टाकत नाही, तसंच हे. टाकण्याआधी ती कृतीची फाईल उघडून फाईल्स कुठून डाउनलोड होतायत ते बघा. छोटी असते, वाचून होते.

मग आमच्याकडे आता काय आहे?

डिस्कचे दोन भाग केलेत. ताईच्या भागात मिंट, माझ्या भागात आर्च. मशीन सुरू केल्यावर निवडायचं. ताईच्या भागात हात घालायची मला बंदी आहे. माझा अपडेट रविवारी सकाळी होतो, आकाश बघून.