जुन्या जहाजाची खरी किंमत

घेण्याच्या दिवशीं मोजून दिलेली रक्कम हीच वस्तूची किंमत, असें आपण व्यवहारांत धरून चालतों. नव्या वस्तूच्या बाबतींत हें बहुतांशीं खरेंहि असतें. जुनी वस्तु घेतली म्हणजे मात्र हा हिशेब फसतो. जुनें घर, जुनी मोटार, जुनें यंत्र किंवा जुनी होडी, कांहींहि घ्या. विकणाराच्या हातांत पडते ती रक्कम हा किंमतीचा पहिला हप्ता असतो, आणि दुसरा हप्ता दुरुस्ती करणाराकडे जातो. तो दुसरा हप्ता किती असेल हें खरेदीखतांत कोठेंच लिहिलेलें नसतें. एकत्र कुटुंबांत तर या न लिहिलेल्या आंकड्याची झळ एकट्या कर्त्या पुरुषाला लागत नाहीं. मुलामुलींचें शिक्षण, वडीलधाऱ्यांचें औषधपाणी, सणवार, पाहुणा, या सर्वांच्या वाट्यांतून तो आंकडा भरून काढावा लागतो. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचें नेरळ हें माथेरानच्या पायथ्याचें गांव. उल्हास नदीला पावसाळ्यांत पूर येतो खरा, पण गलबतांचें आणि आमचें नातें नाहीं. तरीहि उदाहरणासाठीं आम्हीं जहाजच निवडलें आहे. याचें कारण असें कीं, जुन्या वस्तूचे गुणदोष पाण्यावर जितके लवकर उघडे पडतात तितके जमिनीवर पडत नाहींत. घराची भिंत ओलसर असली तर रंगाचा एक हात देऊन चार वर्षें काढतां येतात. होडीचा सांधा सुटला तर पहिल्याच भरतीला समजतें. लांकडी होडीला खाऱ्या पाण्यांतील कीड आंतून पोखरते आणि वरून फळी गुळगुळीतच दिसते. लोखंडाचा गंज रंगाच्या थराखालीं वाढतो. आपल्या रायगड जिल्ह्याचा उरण-अलिबाग-मुरूडचा किनारा ज्यांच्या होड्यांवर जगत आला, ते कोळी बांधव हें पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. पावसाळ्याच्या तोंडीं होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारावयाच्या, तळ खरवडावयाचा, सांधे पाहावयाचे, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हां पाण्यांत लोटावयाच्या, असा त्यांचा क्रम. त्यांच्या लेखीं दुरुस्ती हें संकट नसून वर्षाचें एक नेमाचें काम आहे.

आम्हां नेरळकरांनाहि हा धडा आमच्या छोट्या आगगाडीनें शिकविला आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनीं १९०४ ते १९०७ या काळांत बांधलेला हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग. पावसाळा आला कीं नेरळपासून अमन लॉजपर्यंतची गाडी बंद राहते आणि मार्गाची डागडुजी होते. जुलै २००५ च्या अतिवृष्टींत मार्ग वाहून गेला. तो सावरून गाडी पुन्हां चालूं होण्यास २००७ साल उजाडलें. २०१९ च्या पावसांत पुन्हां तसेंच झालें, आणि पूर्ण मार्ग खुला होण्यास २०२२ चा ऑक्टोबर यावा लागला. जी वस्तु आपली आहे आणि जिच्या खोडी आपल्याला ठाऊक आहेत, तिच्याहि दुरुस्तीला इतका वेळ आणि पैसा लागतो. मग परक्यानें वापरलेल्या वस्तूची गोष्ट काय सांगावी?

ती गोष्ट सांगण्यास आपल्या देशानें विकत घेतलेल्या तीन जुन्या युद्धनौकांसारखें दुसरें उदाहरण नाहीं. तिघींच्याहि डेकवरून विमानें उडत. तिघी परदेशांत जन्मल्या आणि दुरुस्तीनंतर आपल्याकडे आल्या. परंतु तिघींची कथा सारखी नाहीं.

पहिली ‘विक्रांत’. ब्रिटनमध्यें ‘हर्क्युलिस’ या नांवानें तिचा सांगाडा सप्टेंबर १९४५ मध्यें पाण्यांत सोडण्यांत आला. पण महायुद्ध संपलें होतें, आणि पुढच्याच वर्षीं तिचें काम अर्धवट थांबलें. १९५७ सालीं भारतानें ती विकत घेतली. बेलफास्ट येथील हारलँड अँड वुल्फ या गोदींत उरलेलें काम पुरें झालें, आणि ४ मार्च १९६१ रोजीं ती आपल्या नौदलांत दाखल झाली. १९७१ च्या युद्धांत तिच्या चार बॉयलरांपैकीं एकाला तडे गेलेले होते. त्यामुळें तिचा वेग कमी झाला होता. तरी तेवढ्या वेगावर तिनें बंगालच्या उपसागरांत आपलें काम चोख बजावलें. १९९७ च्या जानेवारींत ती निवृत्त झाली. छत्तीस वर्षांची ही सेवा.

दुसरी ‘विराट’. ‘हर्मीस’ या नांवानें ती १९५९ पासून ब्रिटिश नौदलांत होती आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धांत त्यांच्या ताफ्याची मुख्य नौका होती. १९८६ सालीं आपण ती घेतली, इंग्लंडांतच तिची डागडुजी करविली, आणि १९८७ च्या मे महिन्यांत ती आपली झाली. तीस वर्षें चाकरी करून ६ मार्च २०१७ रोजीं ती निवृत्त झाली. दोन्ही सौदे जुन्या मालाचेच. पण दोन्ही पदरांत पडले.

तिसरी ‘विक्रमादित्य’. येथें मात्र कथेला वळण लागतें. हें जहाज ‘बाकू’ या नांवानें सोव्हिएट राज्यांत, आज युक्रेनमध्यें असलेल्या निकोलायेव्ह येथें बांधलें गेलें आणि १९८७ सालीं सेवेंत आलें. पुढें त्याचें नांव ‘ॲडमिरल गोर्श्कोव्ह’ झालें. १९९४ मध्यें बॉयलरच्या खोलींत स्फोट झाला, आणि १९९६ मध्यें जहाज सेवेंतून काढण्यांत आलें. जानेवारी २००४ मध्यें भारतानें करार केला तो असा: जहाज फुकट, दुरुस्तीचे व फेरबांधणीचे मात्र ९७ कोटि ४० लक्ष डॉलर. जहाज २००८ सालीं हातीं यावयाचें होतें.

फुकट या शब्दाची मोहिनी मोठी असते. करार झाला तेव्हां जहाज पुरतें उघडून पाहिलेलें नव्हतें. सेव्हरोद्विन्स्क येथील सेव्हमाश या गोदींत काम सुरू झालें आणि एक एक भाग उघडूं लागला, तसतशी नवी नवी कामें निघूं लागलीं. विजेच्या ज्या तारा बदलाव्या लागतील असें वाटलें होतें, त्याच्या कितीतरी पट, दोन हजार किलोमीटरांहून अधिक, तारा बदलाव्या लागल्या. पाणबुड्या बांधण्यांत त्या गोदीचा हातखंडा; परंतु एवढ्या मोठ्या विमानवाहू नौकेची फेरबांधणी तिनें पूर्वीं केलेली नव्हती, आणि ज्या गोदींत जहाज जन्मलें ती तर आतां दुसऱ्याच देशांत गेलेली. २००७ पर्यंत स्पष्ट झालें कीं वेळहि पुरणार नाहीं आणि पैसाहि पुरणार नाहीं. पुष्कळ रक्कम देऊन झालेली, काम अर्धवट पडलेलें. मागें फिरावें तर दिलेलें बुडतें, पुढें जावें तर मागतील तें द्यावें लागतें. अर्धवट दुरुस्त घराच्या अंगणांत उभ्या राहिलेल्या प्रत्येक गृहस्थाला ही अवस्था ओळखीची वाटेल.

शेवटीं २०१० सालीं सुमारें २३५ कोटि डॉलरांवर तडजोड झाली; म्हणजे मूळ आंकड्याच्या जवळजवळ अडीचपट. त्यापूर्वीं २००९ सालींच नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं आपल्या अहवालांत दाखवून दिलें होतें कीं, मर्यादित आयुष्य उरलेलें हें जुनें जहाज नव्यापेक्षां निदान साठ टक्क्यांनीं महाग पडणार आहे. एवढ्यावरहि भागलें नाहीं. २०१२ च्या सागरी चांचणींत बॉयलर बिघडले आणि आणखी एक वर्ष गेलें. १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं नौका आपल्या स्वाधीन झाली, आणि २०१४ च्या आरंभीं कारवारला, तिच्या घरच्या बंदरांत, पोहोंचली. नंतरहि देखभालीचा खर्च आहेच. ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं तिच्या दुरुस्तीसाठीं कोचीन शिपयार्डशीं सुमारें १२०७ कोटि रुपयांचा करार झाला.

या सौद्याला केवळ हंसणें मात्र अन्यायाचें होईल. विमानवाहू नौका बाजारांत मांडलेल्या नसतात. आपल्या देशांत बांधलेली नवी ‘विक्रांत’ सेवेंत आली ती २ सप्टेंबर २०२२ रोजीं, आणि ‘विराट’ तर २०१७ मध्येंच निवृत्त झाली होती. मधल्या पांच वर्षांत देशापाशीं विमानवाहू नौका होती ती ही एकटीच. गरज खरी होती. चूक गरजेंत नव्हती, हिशेबांत होती. जुनी वस्तु घेऊं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मध्यम स्थितींतील कुटुंबाला पुष्कळदां जुनेंच परवडतें, आणि त्यांत कमीपणाहि नाहीं. न उघडलेल्या वस्तूची किंमत ठरवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

यावरून घरच्या व्यवहारासाठीं कांहीं नियम सहज हातीं लागतात. पहिला असा कीं, होडी पाण्याबाहेर काढल्याखेरीज, घराचें छप्पर चढून पाहिल्याखेरीज, मोटारीचें यंत्र उघडल्याखेरीज आंकडा बोलूं नये. पाहणारा माणूस जाणता असावा, आणि तो विकणाराचा स्नेही नसावा. त्याला द्यावी लागणारी फी हा सर्व खरेदींतील सर्वांत स्वस्त खर्च होय. विकणारा उघडूं देत नसेल, तर त्यानें उत्तर दिलें असेंच समजावें.

दुसरा नियम: वस्तु कोणाकडून घेतों याइतकेंच ती कोण दुरुस्त करणार हें महत्त्वाचें. त्यानें असें काम पूर्वीं केलें आहे काय? सुटे भाग मिळतात काय, आणि कोठून? ‘हर्क्युलिस’ पुरी करणारी गोदी मोठ्या जहाजांत मुरलेली होती; ‘गोर्श्कोव्ह’च्या वेळीं काम करणारेहि बरेचसें काम करतां करतां शिकले. शिकण्याचा खर्च नेहमीं मालकाच्या खात्यावर पडतो.

तिसरा नियम पैशाचा. दुरुस्तीचा जो अंदाज मिळेल, तितकीच रक्कम आणखी बाजूला ठेवण्याची ताकद असेल तरच सौदा करावा. ती लागली नाहीं तर आनंदच आहे. त्याबरोबर, अमुक आंकड्यापुढें आपण जाणार नाहीं अशी रेघ सौद्यापूर्वींच ओढून वहींत लिहून ठेवावी. पैसा गुंतल्यावर मन स्वतंत्र राहत नाहीं, “इतके घातले, आतां थोड्यासाठीं कशाला सोडावें?” हा प्रश्न प्रत्येक वेळीं थोड्याच रकमेचा असतो, आणि अशा थोड्या थोड्या रकमांनींच घरें कर्जांत जातात.

चौथा नियम क्रमाचा. होडीचा आधीं तळ आणि सांधे, मग यंत्र व सुकाणू, आणि सर्वांत शेवटीं रंग. घराचेंहि तसेंच. आमच्या भागांत पाऊस कसा कोसळतो हें सांगावयास नको; येथें आधीं छप्पर, मग नळ आणि विजेच्या तारा, मग फरशी, आणि भिंतींचा रंग अगदीं शेवटीं. पुष्कळ मंडळी पाहुण्यांना दिसेल तें आधीं करतात, आणि गळतीनें तें दुसऱ्याच वर्षीं पुन्हां करावें लागतें. काम टप्प्याटप्प्यानें, लेखी ठरवून द्यावें. नवें कांहीं निघालें तर विचारल्यावांचून हात लावूं नये, हें कारागिराला प्रथमच सांगावें.

पांचवा नियम: घरांतील सर्वांना आंकडा खरा सांगावा. दुरुस्तीची वही निराळी ठेवावी, आणि ती घरखर्च सांभाळणाऱ्या गृहिणीच्या नजरेखालीं असावी. कोणता खर्च चार महिने लांबवितां येईल हें तिच्याइतकें कोणाला कळत नसतें. लपविलेला खर्च पैशापेक्षां अधिक नुकसान करतो. तो विश्वास खातो.

शेवटचा नियम सोडून देण्यासंबंधीं. जुनी ‘विक्रांत’ २००१ पासून मुंबई बंदरांत संग्रहालय म्हणून उभी होती. आमच्याकडील अनेक कुटुंबें मुलांना घेऊन गाडीनें मुंबईस जात आणि ती पाहून येत. २०१२ मध्यें सुरक्षिततेच्या कारणानें ती बंद झाली, आणि २०१४ सालीं मोडीसाठीं गेली. ‘विराट’चें संग्रहालय निवतीजवळ करावें म्हणून महाराष्ट्र शासनानें २०१८ च्या नोव्हेंबरांत ८५२ कोटि रुपयांच्या योजनेला मान्यता दिली, पण ती योजना तडीस गेली नाहीं, आणि २०२० च्या सप्टेंबरांत तिला अलंगच्या किनाऱ्यावर नेण्यांत आलें. अनेकांना हळहळ वाटली, आणि ती योग्यच होती. तथापि पाण्यांत उभें असलेलें लोखंड आठवणींवर तरंगत नाहीं. त्याला दरवर्षीं पैसा लागतो. वाडवडिलांची वस्तु ठेवावयाची, तर तिच्या वार्षिक खर्चाचा आंकडा भाऊबंदांनीं एकत्र बसून मांडावा आणि वांटून घ्यावा. तो झेपत नसेल, तर तिची छायाचित्रें काढून, मुलांना तिची कथा सांगून, ती वेळींच दुसऱ्या हातीं द्यावी. म्हणजे तिच्या दुरुस्तीचे पैसे चालत्या घराच्या उपयोगीं पडतील.