संगणकाचा वारा आणि आवाज

दिवसाच्या वर्दळीत ऐकूही न येणारी संगणकाची घरघर रात्री घर निजल्यावर कानाला टोचू लागते. एकाच खोलीत कोणी अभ्यास करीत असेल आणि कोणी झोपले असेल, तर ती विशेषच जाणवते. मग काही जण संगणकाच्या पेटीवर जाड कापड टाकतात, काही जण ती कपाटाच्या बंद कप्प्यात सरकवतात. आवाज दबतो, पण त्याबरोबर उष्णताही आत कोंडली जाते.

संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. प्रोसेसरची उष्णता धातूच्या पातळ पात्यांत पसरते आणि पंख्याचा वारा ती पेटीबाहेर वाहून नेतो. हे काम अडले, की बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचताच आपला वेग उतरवतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र आपोआप बंद पडते आणि न साठवलेले लेखन नाहीसे होते.

तेव्हा वारा हवाच. प्रश्न एवढाच, की तो कमी आवाजात कसा मिळवावा. पंख्याचा वेग निम्मा केला, तर वाराही साधारण निम्माच उरतो. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबलची घटदेखील कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी वाटते. याउलट, एकाऐवजी तसेच दोन पंखे लावले, तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एका पंख्याला धावडवण्यापेक्षा दोन पंखे सावकाश फिरवणे शहाणपणाचे. मोठा पंखाही असाच उपयोगी पडतो. १२० मिलिमीटरच्या पंख्याचा घेर ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोन पट क्षेत्र व्यापतो. त्यामुळे कमी फेऱ्यांत तेवढाच वारा मिळतो.

मात्र वाट मोकळी नसेल, तर मोठा पंखाही व्यर्थ. सर्वसाधारण पेटीत हवा पुढून आत येते आणि मागून बाहेर पडते. पुढचा भाग शोभेच्या काचेने बंद केलेल्या पेट्या दिसायला देखण्या असतात, पण त्यांत पंख्यांना उगीचच जोर करावा लागतो. आतून स्पंज लावलेल्या पेट्या आवाज अडवतात खऱ्या. हवेची वाट अडत नसेल, तरच त्या घ्याव्यात. पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये. जाळीवरची धूळ अधूनमधून झाडावी. त्यासाठी आधी वीज बंद करून तार काढावी, आणि ब्रश फिरवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. कित्येकदा एवढ्यानेच घरघर पुष्कळ कमी होते.

एक मर्यादा मात्र कोणत्याही पंख्याला ओलांडता येत नाही. तो खोलीतील हवाच आत ओढतो. तिच्याहून थंड काही करू शकत नाही. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेरचा पारा ४५ अंशांना भिडतो, तेव्हा खोलीतली हवाही तापलेलीच असते. अशा वेळी पंखे जोराने फिरणारच, आणि ते तसे फिरू द्यावेत.