वळण बिघडतं बोयाच्या आधी

स्लॅलम वॉटर स्कीइंगमध्ये वळण फसलं की शिकणाऱ्याचं लक्ष बोयावर जातं. खरी चूक बहुधा सेकंदभर आधीच, बोटीच्या मागे झालेली असते.

स्पर्धेचा मार्ग २५९ मीटरचा. बोट मधून सरळ जाते. सहा बोये डाव्या-उजव्या बाजूंना आलटूनपालटून, मध्यरेषेपासून साडेअकरा मीटरवर. पुरुषांच्या ताशी ५८ किलोमीटर या कमाल वेगाला एका बोयापासून पुढच्या बोयापर्यंत जेमतेम अडीच सेकंद मिळतात. बोयापाशी पोचून मग वळू म्हणणाऱ्याला उशीर झालेलाच असतो.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे बोया येईपर्यंत जोर लावून ओढत राहायचं. झोपाळ्याला जोर तळाशी द्यायचा असतो, वर तो त्या वेगानेच चढतो, इथेही तसंच. भार बोटीच्या मागच्या लाटांपाशी घ्यायचा, लाटा ओलांडताना स्कीची कड बदलायची आणि हँडल अंगाजवळ ठेवून ताणलेल्या दोरावर बाहेर जायचं. ओढ लांबवली तर बोयापाशी वेग जास्त होतो, दोर ढिला पडतो आणि पुढच्या क्षणी जो हिसका बसतो तो थेट खांद्याला आणि कंबरेला. एवढ्यासाठी तरी ही सवय मोडाच.

मागच्या पायावर रेलल्याने स्की चटकन फिरते, हेही खोटं. तिचं टोक वर उचललं जातं, शेपूट घसरते आणि वेग मरतो. घोटे वाकवून दोन्ही पायांवर उभं राहिलं तर स्कीची पुरती लांबी पाण्यात राहते आणि ती स्वतःच्या वाकानेच वळते.

वळताना हँडल छातीकडे ओढून घेऊ नये. बोटीच्या बाजूचा हात लांबच राहू द्यावा, कंबर हँडलपाशी यावी. दोर ११.२५ मीटर किंवा त्याहून आखूड झाला की हँडल बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर हात आणि कललेलं शरीर भरून काढतं. अमेरिकेच्या नेट स्मिथने २०१३ मध्ये ९.७५ मीटरच्या दोरावर अडीच बोये घेतले, ते याच बळावर.

सुरुवातीला १८.२५ मीटरचा दोर आणि कमी वेग ठेवा. काही फेऱ्या बोयांशिवाय, मोकळ्या पाण्यात मारा आणि कड नेमकी कुठे बदलते तेवढंच बोटीतल्या जोडीदाराला पाहायला सांगा.