पाण्याला नकोशी फट

तेल पाण्याला दूर लोटतें म्हणून तें पाण्यांत मिसळत नाहीं, असें मीं शाळेंत पुष्कळ वर्षें मुलांस शिकविलें. निवृत्तीनंतर वाचन वाढलें, तेव्हां कळलें कीं तें चूक होतें. तेलाचा रेणू पाण्याच्या रेणूस लोटीत नाहीं, थोडा ओढतोच. परंतु पाण्याच्या रेणूंची एकमेकांवरील ओढ इतकी बळकट, कीं परक्याच्या शेजारीं बसण्यापेक्षां आपसांत राहणें त्यांना परवडतें. अळवाच्या पानावरून थेंब घरंगळतो त्याच्या मुळाशीं हीच गोष्ट आहे. पानावरील मेणाची बारीक खडबड तिला साह्य करते, इतकेंच.

आतां असे दोन जलद्वेषी पृष्ठभाग पाण्यांत समोरासमोर धरून हळूहळू जवळ आणले, तर मधल्या पाण्याचें काय होईल? पाण्याचा प्रत्येक रेणू साधारणपणें चार शेजाऱ्यांशीं हायड्रोजन-बंधांनीं हात गुंफून असतो. भिंतीला लागून असलेल्या रेणूचा एखादा हात रिकामा राहतो. फट रुंद असतां हा तोटा थोड्यांचाच. ती दोनचार रेणूंइतकी अरुंद झाली म्हणजे बहुतेकांचा. मग, पृष्ठभाग पुरेसे मोठे असल्यास, मधलें पाणी निघून जातें, फटींत विरळ वाफ तेवढी उरते, आणि बाहेरील पाणी दोन्ही पृष्ठभागांस एकमेकांवर दाबून बसवितें.

हें डोळ्यांनीं दिसणें अशक्य. म्हणून संगणकाचा आश्रय. प्रत्येक रेणूवर शेजाऱ्यांचें किती बल आहे तें काढावें, न्यूटनच्या नियमानें त्यास तिळभर पुढें सरकवावें, पुन्हां बल काढावें. एका सरकण्याचा काळ केवढा? सेकंदाचे शंभर कोटी भाग करावे, त्यांतील एकाचे पुन्हां दहा लक्ष. एवढा, किंवा याच्या दुप्पट. हैदराबादेस १९२७ सालीं जन्मलेले अनीसुर रहमान यांनीं फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह १९७१ मध्यें पाण्याचा असा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हां रेणू होते अवघे २१६.

२००१ सालीं गेरहार्ड हमर व त्यांचे सहकारी यांनीं अशाच हिशेबी पाण्यांत कार्बनची एक नळी ठेविली. व्यास नॅनोमीटरहून कमी, भिंत जलद्वेषी. ती कोरडीच राहील असें कोणासही वाटावें. परंतु पाणी आंत शिरलें, देवळाच्या अरुंद दारांतून जाणाऱ्या माणसांप्रमाणें एकामागें एक, आणि ६६ नॅनोसेकंदांच्या साऱ्या हिशेबांत तेथेंच राहिलें. भिंतीची पाण्यावरील ओढ किंचित् कमी धरतांच मात्र नळी कधीं भरूं लागली, कधीं रिती होऊं लागली.

येथें मला शंका आली. गृहीत धरलेला एक आंकडा थोडा बदलतांच उत्तर उलटत असेल, तर या हिशेबावर विश्वास किती ठेवावा? उदाहरणांतील संख्याच चुकीची असली, तर रीत बिनचूक असूनही उत्तर चुकतें, हें आम्हां मास्तरांस सांगावयास नको. तरी त्या उलटण्यांतच खरी माहिती आहे. एवढ्याशा जागेंत भरलें आणि रितें यांतील अंतर फार थोडें असतें. आपल्या पेशींच्या आवरणांतील कांहीं द्वारें याचाच उपयोग करतात, असें आतां दिसतें. छिद्र आयन जाण्याइतकें रुंद असतें, पण आंतील अस्तर तेलकट. तेथें पाणी ठरत नाहीं, आणि पाण्यावांचून आयनास पलीकडे जातां येत नाहीं. छिद्र थोडें रुंदावलें, कीं पाणी शिरतें आणि वाट मोकळी होते.