सात माणसं, हजार सीसी

गाडी घ्यायची ठरली की घरातलं जाणतं माणूस पहिला प्रश्न विचारतं, ‘सीसी किती?’ सात आसनांच्या गाडीला ९९९ सीसीचं इंजिन आहे म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पडतात. घाटात दम टाकेल, लवकर काम काढेल, असं बोललं जातं. ही भीती पूर्ण निराधार नाही. मात्र तिचं कारण सीसीत शोधलं की निवड चुकते.

पिस्टन वर-खाली होताना सगळ्या सिलिंडरांत मिळून जेवढी जागा मोकळी होते, तेवढे सीसी. ते इंजिनाचं माप आहे, ताकदीचं नाही. पहिल्या डिझेल इनोव्हाचं २,४९४ सीसीचं इंजिन सुमारे १०२ अश्वशक्ती द्यायचं. आजच्या अर्टिगाचं १,४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन जवळपास तेवढीच देतं. तरीही इनोव्हा भरलेली असताना अधिक सहज ओढायची, कारण तिचा २०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दीड हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आतच मिळायला लागायचा. अर्टिगाचा सुमारे १३७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,४०० आरपीएमला येतो. ताकद किती, याइतकंच ती कधी मिळते, हे महत्त्वाचं.

आता घाटाचा हिशेब करू. रेनॉ ट्रायबर रिकामी साडेनऊशे किलोच्या आसपास. सात माणसं आणि बॅगा धरून वजन साधारण साडेचौदाशे किलो. शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ही गाडी ताशी ६० किलोमीटरने न्यायला, टायरचं घर्षण आणि हवेचा विरोध धरून, ढोबळमानाने २७ अश्वशक्ती लागतात. गाडीत ७२ आहेत. मग ती रडते का? कारण ७२ अश्वशक्ती सव्वासहा हजार आरपीएमला मिळतात आणि चालक दोन हजारावर वरचा गिअर धरून बसलेला असतो. तिचा कमाल टॉर्क ९६ न्यूटन-मीटर, तोही ३,५०० आरपीएमला. दोन हजारावर तो पूर्ण मिळाला असं मानलं, तरी ताकद भरते २७ अश्वशक्ती. शिल्लक शून्य, त्यात एसी चालू. तीच गाडी खालच्या गिअरमध्ये साडेतीन हजारावर नेली की हाताशी ४८ येतात. म्हणजे ती घाट चढते, फक्त गिअर टाकावा लागतो आणि इंजिनाचा आवाज ऐकून घ्यावा लागतो. ट्रक ओलांडायला मात्र लांब मोकळा रस्ता लागेल. दुपदरी घाटात ही मर्यादा खरी आहे. घरात गाडी कोण चालवतं, याचा विचार इथे व्हायला हवा.

‘हजार सीसी म्हणजे सगळी सारखीच’ हाही गैरसमज. स्कोडा कुशाकच्या ९९९ सीसीच्या इंजिनाला टर्बो आहे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते आत जादा हवा दाबून भरतं. त्यामुळे १७८ न्यूटन-मीटर टॉर्क १,७५० आरपीएमलाच मिळतो, म्हणजे तिथेच ४४ अश्वशक्ती. कागदावर सीसी तेवढेच, पण घाटात या दोन इंजिनांचं वागणं अगदी निराळं.

मग लहान इंजिन ॲव्हरेज चांगलं देतंच, असंही नाही. कंपनीने जाहीर केलेला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर ठरावीक वेगचक्राने, एसी बंद ठेवून काढलेला असतो. भरलेल्या गाडीत टर्बो सतत दाब देत राहिला की पेट्रोलही त्याच प्रमाणात जातं. जास्त ताणाखाली इंजिन थंड ठेवायला अनेक इंजिनं गरजेपेक्षा जादा इंधन सोडतात. एकट्याने ऑफिसला जाताना मिळणारं ॲव्हरेज सहकुटुंब कोकणात जाताना मिळत नाही, ते यामुळे. सीएनजीचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट: अर्टिगा सीएनजीवर सुमारे ८८ अश्वशक्तीवर येते, आणि मागची जागा टाकीखाली जाते ती वेगळी.

कराबद्दलही अर्धवट माहिती फिरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी हवा असेल, तर इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरपर्यंत, अशा दोन्ही अटी पाळाव्या लागतात. ट्रायबर त्यात बसते. कुशाक हजार सीसीची असूनही चार मीटरपेक्षा लांब, म्हणून ४० टक्क्यांत.

इंजिन लवकर झिजतं का? आकार लहान म्हणून नव्हे. आजची टर्बो पेट्रोल इंजिनं बिघडतात ती बहुधा दोन सवयींनी. ऑइल वेळेवर किंवा योग्य दर्जाचं न घालणं ही पहिली. टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर जगतं. दुसरी सवय म्हणजे कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणं. थेट सिलिंडरात पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात यामुळे ठिणगीआधीच इंधन पेटू शकतं आणि पिस्टनला तडाखा बसतो. पेट्रोल वाचवायच्या नादात कमी आरपीएमवर रेटत राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

माझं मत विचाराल तर शहरात फिरणाऱ्या आणि सुट्टीत गावी जाणाऱ्या कुटुंबाला टर्बोविना लहान इंजिन पुरतं. वाचलेले पैसे उत्तम टायरांवर खर्च करावेत. वाई-महाबळेश्वर किंवा कोल्हापूर-रत्नागिरी अशी सतत ये-जा असेल, तर टर्बो पेट्रोल किंवा डिझेलच घ्यावं. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा विरळ असल्याने साध्या इंजिनाची दहा टक्क्यांहून अधिक ताकद जाते. टर्बो ती बरीचशी भरून काढतो. आणि चाचणीला शोरूमचा माणूस एकटा बरोबर घेऊन जाऊ नका. आसनं भरा, एसी लावा, चढावर गाडी थांबवा आणि तिथून पुन्हा हलवून पाहा.