मॅच कुठं बघावी?

श्रोतेहो, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं आम्हाला दारात गाठून विचारलं, 'सर, नोकरी पुण्यात लागलीय. तिथं मॅच बघायला चांगला स्पोर्ट्स बार कसा निवडायचा?' आजूबाजूचे हसले. तत्त्वज्ञान शिकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा बारचा पत्ता विचारतोय म्हणून. आम्हाला मात्र वाटलं, प्रश्न योग्य ठिकाणी आला. कारण 'बघणं' हा तत्त्वज्ञानाचा फार जुना विषय आहे. पायथागोरसच्या नावावर एक दृष्टान्त सांगतात, तो सिसेरोनं लिहून ठेवलाय. ग्रीसमधल्या मोठ्या खेळांच्या जत्रेला तीन तऱ्हेची माणसं येतात. काही जण जिंकायला येतात, काही जण विकायला आणि खरेदी करायला येतात, आणि काही जण नुसते बघायला येतात. तत्त्वज्ञ हा या तिसऱ्या गटातला. 'थिअरी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थसुद्धा बघणं असाच आहे. तेव्हा हा विषय आमच्या खात्यातलाच आहे, खुशाल ऐका.

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. आपली टीम हरत असताना जिथं शेवटच्या मिनिटापर्यंत बसून राहता येतं, आणि समोरच्या टेबलावर जिंकणाऱ्यांचे लोक बसलेत हे सहन होतं, ती जागा चांगली. आता असं का, ते बघू.

सुरुवात घरापासून करू. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं. त्यातून आपलं खासबाग मैदान उभं राहिलं, १९१२ मध्ये ते खुलं झालं. त्याचा आकार आठवा. मधोमध मातीचा हौदा आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, पुढच्याचा फेटा आड येत नाही. पण आमच्या मते त्याची खरी खुबी दुसरीच आहे. गोल असल्यामुळं प्रत्येकाला पलीकडच्या माणसांची तोंडं दिसतात. डाव लागला की तुम्ही पैलवानाकडं बघताच, आणि त्याच क्षणी पलीकडच्या उतारावरचे हजार लोक कसे उठले तेही बघता. हरलेल्याच्या गावचे लोक डोक्याला हात लावून बसलेले दिसतात. आपला आनंद आणि त्यांचं दुःख एकाच नजरेत येतं.

टीव्हीनं ही गोष्ट काढून घेतली. टीव्ही भिंतीवर असतो आणि आपण सगळे भिंतीकडं तोंड करून बसतो, एसटीत बसल्यासारखे. शेजारच्याचा फक्त खांदा लागतो. म्हणून जागा निवडताना पहिल्यांदा खुर्च्यांची मांडणी बघा. सगळी टेबलं एका दिशेला रांगेत लावली असतील तर ते थिएटर झालं. टेबलं नालेच्या आकारात आहेत, लांब बाक आहेत, मान थोडी वळवली की दुसऱ्या माणसाचा चेहरा दिसतो, अशी जागा मिळाली तर ती धरा. स्क्रीन दोन इंच लहान असला तरी चालेल.

स्क्रीनवरून आठवलं. खासबागेला लागूनच पूर्वीचं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा हे शहर रडलं. कुस्ती बघण्याची जागा आणि नाटक बघण्याची जागा एकाच राजानं पाठीला पाठ लावून बांधल्या, हे आम्हाला नेहमी अर्थपूर्ण वाटतं. कारण बघण्याच्या जागेचा आपल्याकडचा सगळ्यात जुना विचार नाटकाच्याच निमित्तानं झालाय. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीवर आहे. त्यात तीन आकार आणि तीन मापं सांगितलीत. मोठं एकशेआठ हातांचं, मधलं चौसष्ट, लहान बत्तीस. माणसांसाठी उत्तम कोणतं? मधलं. चौसष्ट हात लांब, बत्तीस हात रुंद. म्हणजे हात दीड फुटाचा धरला तर साधारण ९६ फूट बाय ४८ फूट. कारणही दिलंय. त्याहून मोठं केलं की आवाज फाटतो आणि नटाच्या चेहऱ्यावरचा भाव दिसत नाही.

आता हे पुण्या-मुंबईच्या बारला लावा. 'आमच्याकडं वीस स्क्रीन, पाचशे लोक' अशी जाहिरात असते. वीस स्क्रीन म्हणजे एकावर क्रिकेट, दुसऱ्यावर टेनिस, तिसऱ्यावर मोटारींची शर्यत. एका कोपऱ्यात गोल होतो तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात विकेट पडते आणि कुठल्याच आरडाओरड्याचा अर्थ कळत नाही. भरतमुनींचं मधलं माप घ्या. साठ-सत्तर माणसं, एकच सामना. आणि जाण्याआधी फोन करून विचारा, 'सामन्याची कॉमेंट्री ऐकू येणार का, की गाणी लावणार?' चित्र सामन्याचं आणि आवाज डीजेचा, अशा जागा पुष्कळ आहेत. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री रेडिओवर ऐकलेल्या पिढीला चित्र नसलं तरी चालत होतं. आवाज नसलेला सामना म्हणजे मात्र ॲक्वेरियम.

दुसरी एक तांत्रिक गोष्ट सांगतो, ती तरुणांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. मोबाइल ॲपवरून येणारं चित्र डिशवरून येणाऱ्या चित्राच्या मागं असतं. काही सेकंद, कधी कधी अर्धा मिनिटसुद्धा. कारण साधं आहे. इंटरनेटवरून पाठवताना चित्राचे तुकडे करतात, ते साठवत साठवत पुढं ढकलतात, म्हणजे मध्ये अडकू नये. आता विचार करा. तुम्ही ज्या जागी बसलाय तिथं ॲपवरून मॅच लावलीय. स्ट्रायकर अजून मध्यरेषेवर आहे आणि पलीकडच्या गल्लीतून 'गोऽऽल' अशी आरोळी येते. झालं की. पुढचं सगळं शिळं. २०२२ चा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना आठवा, १८ डिसेंबरची रात्र. ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना दोन गोलनं पुढं, आणि मग एम्बापेनं दोन मिनिटांच्या आत दोन गोल केले. शेवटी ३-३ आणि पेनल्टीवर ४-२. ती दोन मिनिटं ज्यांनी शेजारच्या इमारतीच्या ओरडण्यावरून आधीच ऐकली त्यांनी काय बघितलं? निकाल बघितला. सामना नाही बघितला. खेळ बघण्यात पुढं काय होणार ते कुणालाच माहीत नसतं, आणि हे न माहीत असणं सगळ्यांचं एकाच क्षणी असतं. ते एकत्र असणंच तर आपण विकत घेतो, नाहीतर घरी काय वाईट होतं? तेव्हा मालकाला विचारा, 'डिश आहे की ॲप?' संकोच करू नका. मटण ताजं आहे का विचारता ना, तसंच.

आता कळीचा मुद्दा. आपण बसलोय ती ही शिवाजी पेठ. इथं शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, संध्यामठ. पलीकडं मंगळवार पेठेत पाटाकडील आणि बालगोपाल. तालमीत कुस्ती आणि त्याच तालमीची फुटबॉल टीम, ही रीत महाराष्ट्रात दुसरीकडं क्वचित दिसेल. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ रिकामी होते. आणि विश्वचषक आला की हीच पेठ अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटली जाते, चौकात मेस्सी-नेमारचे कटआउट उभे राहतात. १९८६ ला दूरदर्शनवर रात्री जागून मॅराडोना पाहिलेली माणसं इथं समोर बसलीत, त्यांची नातवंडंही अर्जेंटिनाचीच. नाद खुळा म्हणतात तो हाच. त्याचं आम्हाला कौतुक आहे.

पण स्टेडियमवर दगड आणि बाटल्या आल्या, सामने थांबवावे लागले, पोलीस बंदोबस्तात खेळ झाले, हेही याच शहरानं बघितलंय. असं का होतं? आम्हाला वाटतं, याचं एक कारण बघण्याच्या जागेत आहे. आपण आपल्या तालमीच्या दारात, आपल्याच लोकांत बसून इतके सामने बघतो की दुसऱ्या बाजूच्या माणसाला हरताना जवळून बघायची सवयच राहत नाही. सगळे एकाच बाजूचे असले की ऑफसाइड दिलेला प्रत्येक निर्णय अन्याय वाटतो, कारण 'अरे, ऑफसाइडच होता की' म्हणणारा कुणी जवळ नसतो. मग स्टेडियमवर तो माणूस पहिल्यांदाच भेटतो, तोही शत्रू म्हणून.

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकाचं वर्णन आहे. नाटकात आनंद आला की आनंदणारा आणि शोक आला की शोक करणारा, तो खरा प्रेक्षक. पण भरतमुनी व्यवहारी होते. हे सगळे गुण एका माणसात सापडत नाहीत, असं ते लगेच म्हणतात. तरुणाला एक आवडतं, शूराला दुसरं, म्हाताऱ्याला तिसरं. म्हणूनच प्रेक्षागृहात सगळ्या तऱ्हेची माणसं लागतात. एका माणसात जे नाही ते शेजारच्यात असतं. फुटबॉलच्या भाषेत सांगायचं तर, तुम्हाला तुमच्या टीमचा गोल दिसतो आणि त्यांच्या गोलकीपरनं वाचवलेले चार फटके तुमच्या शेजारचा दाखवतो.

त्याच अध्यायात सिद्धीचे दोन प्रकार सांगितलेत, मानवी आणि दैवी. मानवी सिद्धी म्हणजे लोक हसतात, 'वाहवा' करतात, हळहळतात, उठून उभे राहतात, अंगावरचं वस्त्र काढून देतात. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडते, फेटे बांधले जातात, नोटा दिल्या जातात, ती हीच. दैवी सिद्धी म्हणजे रंगमंडप गच्च भरलेला आणि तरीही आवाज नाही, गडबड नाही. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजीत कांस्यपदकासाठी उभा होता. तो सामना ज्यांनी चार माणसांत बसून बघितला त्यांना दैवी सिद्धी समजावून सांगावी लागणार नाही. प्रत्येक गोळीआधी श्वास धरलेला. चांगल्या जागेला दोन्ही जमतं. जिथं मालकच दर पाच मिनिटांनी माईकवर 'आवाऽऽज' म्हणून ओरडायला लावतो, तिथं दैवी सिद्धीला जागाच नाही.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, बायकांची. खासबागेच्या उतारावर आमच्या तरुणपणी बाई शोधून सापडली नसती. चौकातल्या मोठ्या पडद्यासमोर आजही मुली कडेला, घोळक्यानं, अर्धा तास उभ्या राहून जातात. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, त्यात आपल्या शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना. आमची एक कसोटी आहे. कुठल्याही बारमध्ये विचारा, 'त्या रात्री तुम्ही तो सामना मोठ्या स्क्रीनवर, पूर्ण आवाजात लावला होता का?' उत्तरावरून जागेचं निम्मं कळतं. उरलेलं निम्मं, तिथं बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे का यावरून.

दारूबद्दल फार बोलत नाही. 'परमिट रूम' हा शब्दच मुळी १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आला, प्यायला परवाना लागतो म्हणून. बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. ज्याला प्यायची नाही त्याला कोकमाचा ग्लास घेऊन तीन तास सुखानं बसू देतात का, एवढं बघा. मोठ्या सामन्याच्या दिवशी अमुक रुपयांचं खायला-प्यायला घेतलंच पाहिजे अशी अट शहरात असते, ती आधी विचारून घ्या. आमच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर अशी अट नाही, पण तिथं स्क्रीनही नाही.

सट्ट्याबद्दल मात्र बोलतो. अभिनवगुप्तांनी रसास्वादातली सात विघ्नं सांगितलीत. त्यातलं एक असं की माणूस स्वतःच्याच सुखदुःखात इतका बुडालेला असतो की समोरचं त्याला दिसत नाही. ज्यानं पैसे लावलेत त्याचं नेमकं हेच होतं. तो सामना बघत नाही, स्वतःचा खिसा बघतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी टेबलाखाली मोबाइल चालू असतातच. शेजारच्या टेबलावर आकडे बोलले जायला लागले की बिल द्या आणि उठा.

आणि बसायच्या आधी दार मोजा. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्स आवारात २०१७ च्या डिसेंबरअखेर मध्यरात्री छतावरच्या रेस्टॉरंटला आग लागली आणि चौदा माणसं गेली. गच्चीवरची जागा, वर ताडपत्री किंवा बांबूचं छत, खाली उतरायला एकच अरुंद जिना, असं दिसलं तर अंतिम सामना असला तरी तिथं बसू नका. बाहेर पडायला दुसरी वाट कुठं आहे, हे वेटरला सरळ विचारा. त्याला सांगता आलं नाही तर तेच उत्तर समजा.

राहता राहिली वेळ. २०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, अठ्ठेचाळीस संघ, एकशेचार सामने. पहिला सामना मेक्सिको सिटीच्या ॲझ्टेक मैदानावर, जिथं १९८६ चा अंतिम सामना झाला तिथंच. आपल्या घड्याळात तो ११ जूनच्या रात्री साडेबाराला. न्यू जर्सीतला अंतिम सामनाही १९ जुलैच्या रात्री साडेबाराच्या सुमारास. सामना संपायच्या आतच बरेच बार शटर ओढतील. म्हणून पुण्याच्या त्या मित्राला आमचं सांगणं असं: जागेची बंद व्हायची वेळ आधी विचार. ती अडचण असेल तर सोसायटीच्या हॉलमध्ये डिश जोडून पडदा लावा, खर्च वाटून घ्या, आणि वर्गणी मागायला पहिल्यांदा त्या मजल्यावर जा जिथं ब्राझीलचा झेंडा लागलाय.